पदराच्या कोपऱ्यातला हिरवा दोरा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. घरात यांनाही ठाऊक नाही. ठाऊक होतं एकट्या जाऊबाईंना, आणि त्या गेल्या. मग आता कशाला उकरायचं? — ते मलाही नीट सांगता यायचं नाही. माझी शाळा तिसरीच्या पुस्तकावरच सुटली, तेव्हा लिहिणं वेडंवाकडं होईल. होऊ दे.

लग्न होऊन मी राजापुराकडून देवासला आले. इतकी लांब, की माहेरचं माणूस वर्षाकाठी दिसलं तर दिसलं. इथल्या बायका निम्मं हिंदीत बोलत आणि माझ्या हेल काढण्याला हसत. जाऊबाईंनी मला सांभाळलं. चुकलं माझं तर अंगावर त्या घेत. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत — आणि मी त्यांना कशात ओढलं, तेच तर सांगायचंय.

तेव्हा मानकऱ्यांच्या घरी धरमपुरीच्या नूरभाई विणकराचं लुगडं नेसायची रीत होती. काठाची जर खऱ्या चांदीची, आणि पदराच्या कोपऱ्यात एकच हिरवा दोरा — ती त्यांची खूण. हळदीकुंकवाला बायका बोलता बोलता एकमेकींच्या पदराचा कोपरा उलटून बघत. दोरा असला की जाजमावर पुढे जागा होई. नसला तर कुणी काही म्हणत नसे. जागा मात्र होत नसे.

जाऊबाई म्हणायच्या, माझं नेस. पण त्यांचं लुगडं सगळ्यांच्या ओळखीचं. मागून आणलेलं नेसून मिरवायचं का? मला माझं हवं होतं, आणि तेही त्याच वर्षी.

एका दुपारी फेरीवाल्याने ओट्यावर गाठोडं सोडलं. हिरवा दोरा दाखवला. त्याने फसवलं असं म्हणावं, तर तेही नाही. मी विचारल्यावर सरळ म्हणाला, "जर तो झूठी हे, बाईसाब. पण हळदी-कंकू में कसौटी ले ने कुण बैठे?" खरंच, हळदीकुंकवात कसोटीचा दगड घेऊन कोण बसतं? मी हसले आणि घेतलं.

ते नेसून पुढे सरकले तेव्हा लाज वाटली का? नाही वाटली. दिसायला तेच, मग बघणारीचं काय गेलं? नूरभाईंचं तरी काय गेलं — मी कुठे त्यांचं गिऱ्हाईक होते? अशी मी माझी समजूत घालत असे.

पावसाळा सरला आणि काठ काळा पडू लागला. तांब्याचं घंगाळ घासावं तसा मी तो चिंचेने घासला. चार दिवस उजळला, मग हिरवट झाला. तरी संक्रांतीला तेच नेसले, काठ आत मुडपून. एकदा पुढे बसल्यावर मागे बसवेना.

राजवाड्याच्या नात्यातल्या मामीसाहेब तिथे होत्या. राजवाड्यातल्या लग्नाची लुगडी कुणाकडून विणवायची, ते त्यांच्या शब्दावर ठरे. तिळगूळ देता देता त्यांनी माझ्या पदराचा कोपरा उलटला, दोरा पाहिला, काठावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"काय ग, हे नूरभाईचं?"

नाही म्हणायला किती वेळ लागला असता? सगळ्या बघत होत्या. जाऊबाई माझ्या शेजारीच होत्या.

"हो," मी म्हणाले. "त्यांच्या घरूनच आणलं."

धरमपुरी मी तोवर डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. जाऊबाईंना ते माहीत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाणाचं ताट पुढे सरकवलं. मामीसाहेब हळूच म्हणाल्या, म्हाताऱ्यानेही खोटी जर सुरू केली म्हणायचं.

लग्नाची लुगडी दुसरीकडून आली. मग एकीचं ऐकून दुसरी, तिचं ऐकून तिसरी नूरभाईंच्या मालावर शंका घेऊ लागली — पार धार गावापर्यंत.

चैत्रात नूरभाई स्वतः देवासला आले. ओट्यापाशी उभे राहिले, वर चढले नाहीत. चिडलेले नव्हते. म्हणाले, "एक बार लुगड़ा दिखा दो, बाईसाहेब. मेरा निकला तो दूसरा बुन दूँगा." त्यांनी हातात धरताच ओळखलं असतं. लुगडं आत पेटीत, मी दारात. सांगितलं, बोहारणीला दिलं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

जाऊबाई चुलीकडे बघत म्हणाल्या, "पेटी तरी उघडायची होतीस." एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढे नूरभाईंनी तो दोरा घालणंच सोडलं. बाजारात जिकडेतिकडे हिरवे दोरे झालेत, आता त्याने काय ओळखणार, असं म्हणाले म्हणे. त्यांची लुगडी बिनदोऱ्याची येऊ लागली, जर तीच, खऱ्या चांदीची. बायकांनी कोपरा उलटला, दोरा दिसला नाही, आणि नकली म्हणून परत केली. मी तिथेच होते. पुढे बसलेली. तेव्हाही बोलले नाही.

माग बंद पडला. मुलगे इंदूरला गिरणीत लागले, असं कानावर आलं.

जाऊबाई जाताना आपलं लुगडं मला देऊन गेल्या. मी ते एकदाही नेसले नाही. दोन्ही एकाच पेटीत आहेत.

मामीसाहेब आता नाहीत, नूरभाईही नसतील. तरी त्या दिवशी जे म्हणायचं होतं ते हे: ते लुगडं नूरभाईंचं नव्हतं. फेरीवाल्याचं होतं, खोटं होतं, आणि घेताना मला ते ठाऊक होतं.