आमचे साडू खासदार होतात

निवडणुकीच्या सभेत 'मला नक्की माहीत नाही' असं सांगून टाळ्या घेणारा माणूस अख्ख्या भारतवर्षात एकच झाला, आणि तो नेमका आमचा साडू निघाला. तासगावच्या बेदाणा-व्यापाऱ्यांची खाती तपासण्यात त्यांची हयात गेली. घरीही नजर तीच. 'आमटी कशी झालीय?' असं मेहुणीबाईंनी विचारलं, तर दुसरी वाटी संपेपर्यंत हे मत देत नसत. पोटच्या मुलीच्या लग्नात, अक्षता पडत असताना, यांनी गुरुजींना हळूच सांगितलं, "तिसऱ्या मंगलाष्टकातली एक ओळ राहिली."

असा माणूस राजकारणात गेला तो इतरांच्या भांडणामुळे. उमेदवारीवरून पक्षातले दोन गट हमरीतुमरीवर आले. दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांचे हिशेब साडूच बघत, त्यामुळे दोघेही त्यांना सारखेच वचकून होते. तडजोड म्हणून यांच्या गळ्यात हार पडला. प्रचारात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आवं, आमच्याकडं रेल्वे आणणार का?"

"नक्की माहीत नाही. बघून सांगतो."

म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "गड्या, ह्यो खोटं बोलत न्हाई. मत ह्यालाच."

साडू निवडून आले. लोकसभेतलं पहिलं भाषण त्यांनी दिलेल्या वेळेच्या आधीच संपवलं आणि खाली बसले. पुढचे वक्ते चहाला गेलेले. सभागृहात अशी शांतता पसरली, की टीव्हीवर बघणाऱ्या मेहुणीबाईंना वाटलं आपला संचच बिघडला.

सगळं बिनसलं ते आटपाडीला. कालव्याच्या पाण्याचं उद्घाटन होतं. मंत्री कळ दाबणार आणि पाणी वाहणार. साडू सवयीप्रमाणे पंपघराच्या मागं डोकावून आले. तिथं टँकर उभे. ते सरळ माइकपाशी गेले. "मंडळी, हे पाणी टँकरचं आहे. कालव्याचं अजून यायचंय. आलं की कळ दाबू."

मंत्री हार न घेताच निघून गेले. पुढच्या वेळी साडूंना तिकीट मिळालं नाही.

मी विश्रामबागेत त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "तेवढं गप्प बसला असता तर?"

"बसणारच होतो. पण पुढच्या रांगेतली एक बाई घरनं कळशी घेऊन आली होती हो. ती पाण्याच्या वाटेकडं बघत होती."

पुढं खरंच पाणी आलं. मांडवात नवे खासदार होते, साडूंना आमंत्रण नव्हतं. आम्ही दोघं एसटीनं गेलो आणि गर्दीपासून लांब, कालव्याच्या काठावर थांबलो. आधी पालापाचोळा आला, मग फेस, मग गढूळ पाणी. साडूंनी चपला काढल्या, विजार वर दुमडली आणि चक्क आत उतरले.

"आवं खासदार, कापडं भिजत्यात की!" पलीकडून एक बाई ओरडली.

"माजी," साडू म्हणाले, पण अगदी हळू. तिला ते ऐकूच गेलं नाही.

वाजंत्री थांबली, मांडव ओस पडला. साडू गुडघाभर पाण्यात तसेच उभे होते. त्यांच्या चपला हातात घेऊन मी काठावर बसून राहिलो.