धुळे ते सुरत, दादाच्या हाताजोगं हँडल

हँडलच्या चारपैकी तीन बोल्ट सैल झाले. चौथा हलेना. कोंडाईबारीचा घाट उतरल्यावर एका चिंचेखाली मी मोटारसायकल लावली होती आणि पान्याला दगडानं ठोकत होतो. समोरच्या चहावाल्यानं दोन मिनिटं पाहिलं, मग तो उठून आला. त्यानं हँडलला एक हिसका दिला. बोल्ट फिरला.

माझ्या तळहातांना मुंग्या आल्या होत्या. ही गाडी मी सहा वर्षं चालवली होती, पण कॉलेजात शिकवायला बारा किलोमीटर जायचं आणि बारा यायचं. तेवढ्या अंतरात हँडल चुकीचं आहे हे कळत नाही. साक्री मागे पडल्यावर कळलं. हँडल फार पुढे होतं. मी त्याच्यावर ओणवा होतो आणि छातीचं सगळं वजन मनगटांवर येत होतं.

हँडल दोन बोटं मागे घेतलं, बोल्ट आवळले आणि निघालो. नवापूरपर्यंत पाठ बरी होती, मनगटं जास्त दुखत होती. हँडल मागे फिरवलं की क्लच आणि ब्रेकचे लिव्हर वर उचलले जातात. तेही सैल करून खाली घ्यावे लागतात. या रस्त्यानं मोटारसायकलवर जाणार असाल तर हे निघायच्या आधी, घरासमोर करा. आपल्या नेहमीच्या जागी बसा, डोळे मिटा, हात सोडा आणि मग पुढे करा. मुठी तिथे असायला हव्यात. मला हे सुरतेत कळलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. रस्ता तेव्हा अरुंद होता आणि ऊसगाड्यांचे दिवस होते. टाकी धुळ्यात भरली, ती सुरतेपर्यंत पुरली. सोनगडला चहा आणि भजी, व्यारा ओलांडल्यावर एकदा पंक्चर. सकाळी सहाला निघालो तो बारडोली, कडोदरा करत संध्याकाळी चारला लिंबायतमध्ये पोचलो. यंत्रमागांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच सुरू होतो. थोड्या वेळानं तो ऐकू येत नाही, फक्त माणसं मोठ्यानं बोलतात.

गाडी दादाला द्यायची होती. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. चौदा वर्षं मागावर होता. आता एका शेठनं त्याला कापड तपासायचं काम देऊ केलं होतं: लिंबायत, कडोदरा, कामरेज, रोज फिरायचं. अट एकच, गाडी स्वतःची हवी. काम सोमवारपासून होतं. माझी बदली धुळ्यातच झाली होती. मला आता सायकल पुरणार होती.

मी आलेला पाहून वहिनीनं दारातच अहिराणीत विचारलं, "उनात का भाऊ? हात-पाय धुवा, जेवाले बसा." कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि उडदाची डाळ होती. दादा डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलत होता. मी पाहिलं, पण मला त्यात काही दिसलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दगडू मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री मूळचे जालन्याकडचे. एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि दादाला बसायला सांगितलं. दादा बसला. पाठ सरळ, छाती पुढे, दोन्ही हात ताठ.

"दादा, फोटो काढायचाय का?" मिस्त्री म्हणाले.

"मी असाच बसतो," दादा म्हणाला.

"कोणीच असं बसत नाही. पण बसा."

त्यांनी त्याच्या मापानं हँडल लावलं, लिव्हर खाली घेतले. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, केबल ताणते का, मूठ टाकीला लागते का. मग म्हणाले, एक चक्कर मारून या.

दादा चालवत होता, मी मागे. सरळ रस्त्यावर ठीक होतं. दादा तरुणपणी गावात चालवायचा, सवय गेली नव्हती. चौकात डावीकडे वळायचं होतं. हँडल डावीकडे वळलं, तशी उजवी मूठ पुढे गेली. दादाचा हात तिच्यामागे गेला नाही. मूठ सुटली. गाडी एकदा हेलकावली आणि बंद पडली. आम्ही दोघांनी पाय टेकले. मागून रिक्षा करकचून थांबली.

"अरे काका, मैदानमां शीखो ने!" रिक्षावाला ओरडला.

"क्लच कडक आहे," दादा मला म्हणाला.

 गाडी ढकलत बाजूला घेतली आणि परत मी चालवत आणली.

मिस्त्रींनी काय झालं ते विचारलं नाही. शेडच्या दारावर हिशेबाला ठेवलेला खडू त्यांनी घेतला, हातोडीनं कुटला आणि ती पूड दोन्ही मुठींवर चोळली. दादाला म्हणाले, "ह्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारा. हळू. डावीकडेच वळा."

दादानं फेऱ्या मारल्या, पाय जमिनीलगत ठेवून. उतरल्यावर मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. डाव्या मुठीवरचा खडू सगळा पुसला गेला होता. उजवीवर फक्त आतल्या कडेला चार बोटांचे ठसे होते. बाकी मूठ पांढरीच.

"बोटांच्या टोकांनी धरतेत," मिस्त्री म्हणाले. "हात पुरत नाही. कोणता खांदा, दादा?"

दादा आपल्या उजव्या तळहाताकडे पाहत राहिला. तिथेही खडू कमीच लागला होता.

"उजवा," तो म्हणाला. "बीम पडला होता."

दोन वर्षांपूर्वी. सुतानं भरलेला बीम, म्हणजे जड लोखंडी रूळ, मागावर चढवताना निसटला. मला पत्रात लिहिलं होतं, थोडं लागलं, आता बरं आहे. मी ते पत्र वाचलं होतं आणि उत्तरात कॉलेजातल्या स्नेहसंमेलनाबद्दल लिहिलं होतं.

"वहिनीला माहीत आहे?"

"ती रोज तेल लावते."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू गाडी दिली असती?"

 खरं उत्तर मला माहीत होतं. मी म्हणालो असतो, बसनं फिर. आणि बसनं फिरणाऱ्याला ते काम मिळणार नव्हतं. मागावर परत जायचं तर तुटलेला धागा बांधायला हात पुढे न्यावा लागतो, दिवसातून कितीतरी वेळा.

मिस्त्रींनी माझं हँडल काढून खाली ठेवलं. भंगारातून दुसरं शोधून आणलं, उंच आणि मागे वळलेलं. त्याच्या मुठी कोपराजवळ येत होत्या. ते पुसून गाडीवर बसवलं आणि म्हणाले, "आता बसा. मघासारखं नाही. दुखतं तसं बसा."

दादा बसला. उजवा खांदा खाली गेला. मान जरा डावीकडे कलली. कोपर बरगडीला टेकलं. दोन वर्षं हा माणूस असा बसत होता आणि आमच्यासमोर ताठ होत होता. मिस्त्रींनी त्या कोपरापासून सुतळी लावून मूठ ठरवली, ब्रेकचा लिव्हर दोन बोटांना येईल इतका आत घेतला. बोल्टांच्या पकडीच्या कडेला हँडलवर कानशीनं एक रेघ मारली. हलवलंच कोणी तर परत इथे आणायचं. हँडल आणि मजुरी मिळून साठ रुपये झाले.

संध्याकाळी मी दादाला सांगितलं, उद्या तुझा पूर्ण रस्ता करायचा. मी मागे बसेन. हात एकदा जरी सुटला तर गाडी मी परत नेईन.

"चालेल," तो म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. 

रविवारी सातला निघालो. लिंबायत ते कडोदरा, तिथून हायवेनं कामरेज. हायवेवर ट्रक फार, डावी कड सोडू नका. कामरेजच्या आधी उसाचा ट्रॅक्टर एकदम मध्ये आला. दादानं दोन्ही ब्रेक लावले. मी त्याच्या खांद्यावरून मुठीकडे पाहत होतो. हात तिथेच होता. कामरेजला डावीकडे वळलो, दोनदा, मुद्दाम. हात तिथेच होता.

चहा घेऊन परत निघालो. पाचेक किलोमीटरवर, रस्ता रिकामा असताना, दादानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?"

"दुखतंय. दहा मिनिटं थांबू."

आम्ही एका मोरीच्या कठड्यावर बसलो. त्यानं उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्यानं खांदा दाबत राहिला. समोर ऊस तोडलेलं शेत होतं. दहा मिनिटांनी तो उठला.

"गाडी राहू दे," मी म्हणालो. "पण उद्या पोचलास की फोन कर. जमलं तरी कर, नाही जमलं तरी कर."

दुपारच्या एसटीनं धुळ्याला निघालो. मिस्त्रींनी माझं जुनं हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं. ते सामानाच्या फळीवर मावेना, म्हणून मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि हँडलकडे बघितलं.

"बाकीची गाडी मागून येतेय का, सर?"

पुढच्या बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. नवापूर गेलं, घाटाखालची चिंच गेली. येताना जिथे मनगटं दुखली होती तिथे आता खिडकीला डोकं टेकून होतो.

त्या प्रवासातलं दिसण्यासारखं एवढंच घरी आलं, एक वाकवलेला नळा. सहा वर्षांत माझ्या मुठींनी त्याचं रबर दोन ठिकाणी गुळगुळीत झालं होतं. तो माझ्या हातांचा होता असं मी समजत होतो. चिंचेखाली कळलं की मीच त्याच्याप्रमाणे वाकायला शिकलो होतो. दादाची पत्रं त्या रात्री मी पुन्हा काढून वाचली. प्रत्येकात एक ओळ त्याच्या तब्येतीची होती, आणि प्रत्येक वेळी ती ताठ बसलेली होती. अजूनही कोणी 'बरं आहे' लिहिलं की मी उलट विचारतो. हँडल मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलं. अजून तिथेच आहे.

सोमवारी सकाळी सव्वाआठला शेजारच्यांकडे फोन आला. दादा कडोदऱ्याच्या एसटीडी बूथवरून बोलत होता. "खांदा दुखी ऱ्हायना," म्हणाला. दुखतोय हे या वेळी त्यानं लपवलं नाही. मग पुढे कामरेजला गेला.