भागूबाईच्या हातचं पाणी

लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या वरच्या वाडीतली भागूबाई सुईण. म्हातारपणी उन्हाला बसली की तिला एकच बाळंतपण आठवे.

पंचक्रोशीत कुणी बाई अडली की बोलावणं तिलाच यायचं. पण मूल झालं की तिनं हात लावलेला तांब्या राखेनं घासला जाई. तिच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या वर्षी, १९२३च्या थंडीत, ती लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत गेली. वसईकडच्या पास्कू फायरमनची बायको रेजिना पहिलटकरीण होती. पास्कू इंजिनावर, घाटात. उजाडताना मुलगी झाली ती निळसर, निपचित. भागूबाईनं पाठ चोळली, फुंकर घातली. पोर जेमतेम कण्हली. शेजाऱ्यानं फादरना आणायला खंडाळ्याची वाट धरली.

“तोवर ही राहायची नाही,” रेजिना म्हणाली. “मावशी, मला हात उचलवत नाही. तूच हिला बाप्तिस्मा दे.”

“म्या? अगं, मी तुमच्यातली न्हाई!”

“जीव जात असला की कुणीही देऊ शकतं. डोक्यावर तीनदा पाणी ओत आणि मी सांगते ते म्हण.”

“माज्या हातचं पानी तुज्या देवाला चालंल व्हय?”

“देवाला मी बघते. तू ओत.”

भागूबाईनं कोमट पाणी घेतलं. पोरीच्या डोक्यावर ती ते तीनदा ओतू लागली. “मार्था,” ती रेजिनामागून म्हणत गेली, “बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते.” मग तिनं पोरीला लुगड्याच्या आत, उघड्या छातीशी धरलं.

उन्हं वर आली तशी पोर लाल झाली, रडली. आणि भागूबाईला धास्ती बसली. आता फादर येणार, आपलं पाणी धुऊन काढणार, घासलेल्या तांब्यासारखं.

फादर आले. सगळं ऐकून त्यांनी तिलाच विचारलं, “पाणी डोक्यावरून वाहिलं?”

“व्हय. डोळ्यांतबी ग्येलं जरा.”

फादर हसले. “तेल, मीठ, राहिलेल्या प्रार्थना देवळात करू. पाणी झालंय. ते जन्मात एकदाच. त्यानं ती ख्रिस्ताची झाली. ओतणारे हात कुणाचे, यानं त्यात उणं येत नाही.”

“म्हंजी म्या वतल्यालं पुसनार न्हाई?”

“पुसायचं म्हटलं तरी मला पुसता येणार नाही, बाई.”

भागूबाई दाराआड जाऊन रडली.

मार्था पुढं पुण्यात नर्स झाली. दर नाताळात डोंगर चढून वाडीत यायची, धापा टाकत म्हणायची, “मावशी, आधी पाणी.” भागूबाईच्या तांब्यानं ती घटाघटा प्यायची. भागूबाईची नजर तोवर अधू झालेली. ती चाचपत मार्थाच्या कपाळावर बोटं ठेवायची.

“कोन गं तुजी ती बाटगी मडम?” शेजारची सरुबाई टोमणा मारायची.

“माजी कुनी न्हाई,” भागूबाई म्हणायची. “पन तिच्या डोईवरचं पानी माजं हाय.”