सगळ्यात जवळच्या घराची साक्ष

शिलाईवाल्या काकूंचे कान एका दिवसात गेले नाहीत. शर्टांच्या कारखान्यात कॉलर विभागात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. तिथे एका वेळी साठ मशिनी चालायच्या आणि कोणाचं कोणाला ऐकू जायचं नाही, म्हणून बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. सासूच्या कागाळ्या, पोरांचे ताप, सुपरवायझरची नक्कल, सगळं बिनआवाजाचं. काकू त्यात इतक्या तरबेज झाल्या की आपल्याला ऐकू येईनासं झालंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. हल्ली घरचे लोक फार हळू बोलतात, एवढंच त्यांना वाटायचं. एकदा मुलगा पाठमोरा उभा राहून काहीतरी महत्त्वाचं सांगत होता आणि त्या निवांत भांडी घासत राहिल्या, तेव्हा कुठे प्रकार उघडकीला आला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाला मशीन लावूनही आता उपयोग नाही.

काका गेल्यावर मुलाने धोशा लावला, आई, माझ्याकडे चल. मुलाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर. घर चांगलं, सून चांगली, फक्त त्या इमारतीत जनावर पाळायला परवानगी नव्हती. आणि काकूंकडे कुत्रा होता.

हा कुत्रा कारखान्याच्या फाटकापासून त्यांच्या मागे मागे आला आणि राहिला. कोणी शिकवल्याशिवायच त्याने ओळखलं की या बाईला बेल वाजलेली कळत नाही. मग त्याने आपणहून नोकरी धरली. दारावर कोणी आलं की नाक गुडघ्याला लावायचा. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन वळून बघायचा. दूधवाला आला की शेपूट हलवायचा आणि वीजबिलवाला आला की हलवायचा नाही, त्यामुळे दार उघडण्याआधीच काकूंना पाहुण्याची कल्पना यायची. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी त्याचं नाव सेक्रेटरी ठेवलं. मुलाने दोन दिवस राहून त्याचं काम पाहिलं आणि शेवटी कबूल केलं की हा आहे तोवर तू इथे राहा. हा काम करीनासा झाला की मात्र माझं ऐकायचं. या करारावर नऊ वर्षं सुखाने गेली. काकू दोन खोल्यांत एकट्या राहिल्या, लोकांच्या पँटची उंची कमी करत, चेन बदलत, आणि जगात आपलं कोणावाचून अडत नाही या तोऱ्यात.

घरामागच्या भिंतीपलीकडे पूर्वी लाकडाची वखार होती. ती जाऊन तिथे समारंभाचा हॉल झाला. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांची स्नेहसंमेलनं. रात्री साडेअकराला पाहुणे जेवून अंगणात आले की फटाके सुरू व्हायचे आणि अर्धा तास चालायचे. नर्सबाईंना पहाटे पाचला ड्यूटीवर जायचं असे. त्या डोळ्यांखाली काळं घेऊन जिन्यात भेटायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याची मांजर माळ्यावर चढली ती दोन दिवस खाली आली नाही. समोरच्या घरातलं तान्हं बाळ दचकून दचकून दूध टाकायला लागलं. काकू या वेळी गाढ झोपलेल्या असायच्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना ही सगळी मंडळी जरा नाजूकच वाटायची. साठ मशिनींत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला आवाजाचं काय सांगता? नर्सबाई तक्रारीचा अर्ज घेऊन सहीसाठी आल्या तेव्हा काकूंनी हसत हात जोडले आणि मला तर काही त्रास नाही हो, असं म्हणून त्यांना परत पाठवलं.

हे हॉलच्या मॅनेजरच्या कानावर गेलं. चारच दिवसांत तो खुर्च्यांची दोनशे कव्हरं शिवायला घेऊन आला. माणूस गोड होता. समोर उभा राहून, ओठ नीट हलवून बोलायचा, आणि काकूंना असं बोलणारी माणसं फार आवडत. जाताना त्याने एक कागद सहीसाठी पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: माझं घर हॉलच्या भिंतीला लागून आहे, फटाक्यांच्या आवाजाचा मला कोणताही त्रास झालेला नाही. काकूंनी दोनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून त्यांनी सही केली.

त्याच सुमारास सेक्रेटरीचं काहीतरी बिनसायला लागलं. सकाळी उठावं तर दाराजवळ त्याने घाण केलेली. पायपुसणं कुरतडून चिंध्या. काकू रागावल्या. नऊ वर्षांत त्या त्याला कधी रागावल्या नव्हत्या, पण आठवडाभर रोज सकाळी फरशी पुसायची वेळ आल्यावर त्यांनी त्याच्यावर बोट उगारलं, दोनदा जेवणही उशिरा दिलं. म्हातारा झालास का रे, असंही म्हणाल्या. तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

मग एका रात्री पलंग हलतोय म्हणून त्यांना जाग आली. भूकंप झाला की काय असं वाटून त्यांनी पाय खाली टाकले, तर पायाला केस लागले. सेक्रेटरी पलंगाखाली भिंतीला चिकटून बसला होता आणि त्याच्या थरथरीने पलंग हलत होता. काकू जमिनीवर आडव्या झाल्या, हात आत घालून त्यांनी त्याच्या बरगड्यांवर ठेवला. पडद्यावर लाल उजेड पडला आणि त्यांच्या हाताखाली बरगड्या उसळल्या. हिरवा पडला, पुन्हा उसळल्या. पांढरा पडला तेव्हा तर तो इतक्या जोरात दचकला की त्याचं डोकं पलंगाच्या फळीवर आपटलं. अर्धा तास काकूंनी हात काढला नाही. वरच्या बाई, तान्हं बाळ, माळ्यावरची मांजर, सगळे काय म्हणत होते ते त्यांना आत्ता त्या तळहाताने ऐकवलं. आणि आपण याला सकाळी रागावत होतो. काकूंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी पहाटेपर्यंत त्याला तोंड दाखवलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे कान तपासले आणि कागदावर लिहून दिलं: कान उत्तम आहेत. भीती बसली आहे. आवाज थांबले तर हळूहळू सुधारेल, नाही थांबले तर सांगता येत नाही.

आवाज थांबले नाहीत. हॉलचा हंगाम ऐन भरात होता. आता सेक्रेटरी दिवसासुद्धा कशालाही घाबरायला लागला. बेल वाजली की काकूंकडे येण्याऐवजी तो शिलाई मशीनच्या खाली घुसायचा आणि पायडल दाबू द्यायचा नाही. कुकर तर दोनदा कोरडा पडून करपला. गिऱ्हाइकं दार वाजवून वाजवून परत जायची आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात तोंड फुगवून भेटायची. काकूंनी मशीन फिरवून दाराकडे तोंड करून मांडलं. एक टीप मारली की मान वर, दुसरी मारली की मान वर. या धांदलीत एका भल्या माणसाच्या पँटचे दोन पाय दोन उंचीचे झाले. दार बंद असलं की वाटायचं कोणीतरी बाहेर उभं आहे, उघडून बघावं तर जिना रिकामा. बसून चैन पडेना, उभं राहून चैन पडेना. रात्री पडद्यावर उजेड यायच्या आत त्या सेक्रेटरीजवळ जाऊन बसायच्या आणि समारंभ नसला तरी बसून राहायच्या, कारण समारंभ आहे की नाही हे त्यांना कोण सांगणार?

सगळ्यात मोठी धास्ती रविवारची. मुलगा रविवारी अकराला यायचा. काकू साडेदहापासून खिडकीत उभ्या. स्कूटर वळणावर दिसली की दाराशी धावायच्या, मनात जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या आणि तो बेलवर बोट ठेवतो न ठेवतो तोच दार उघडायच्या.

"बघ," त्या म्हणायच्या, "सेक्रेटरीने सांगितलं."

मुलगा कौतुकाने कुत्र्याला हाक मारायचा. कुत्रा मशीनखालून बाहेर यायचा नाही. झोपलाय, काकू सांगायच्या. असे तीन महिने त्यांनी मुलाशी धडधडीत खोटं बोलून काढले. एरवी खोट्याची त्यांना चीड.

मग नगरपालिकेच्या कचेरीतून पत्र आलं. नर्सबाईंच्या अर्जावर सुनावणी होती आणि हॉलतर्फे साक्षीदार म्हणून काकूंचं नाव होतं. मॅनेजर स्वतः येऊन विनंती करून गेला, फक्त कागदावर आहे तेवढंच सांगायचं. मुलाने रजा काढली. एवढ्या माणसांत आईला कोण काय बोललं ते कळणार नाही, मी शेजारी बसून सांगेन, असं म्हणाला. काकूंना तो यायला नको होता, पण नको म्हणायला कारण सापडेना.

सुनावणीच्या खोलीत एका बाजूला हॉलची माणसं होती आणि दुसऱ्या बाजूला सगळी इमारत. तान्ह्या बाळाची आई बाळाला घेऊनच आली होती. मॅनेजर बराच वेळ बोलला. मुलगा काकूंकडे वळून त्याचं बोलणं थोडक्यात पोचवत होता. मॅनेजर म्हणतोय की लांब राहणाऱ्यांना त्रास होतो आणि भिंतीला लागून राहणाऱ्या बाईंना होत नाही, तर यावरून काय ते समजा. म्हणतोय, यांना साध्या फटाक्यांचं निमित्त करून हॉल बंद पाडायचा आहे. मग त्याने तो सहीचा कागद टेबलावर ठेवला. काकूंना वाटलं की आपण उठून पळून जावं. नर्सबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

अधिकारी बाईंनी कागद तोंडासमोर धरूनच प्रश्न विचारला, त्यामुळे काकूंना त्यांचे ओठ दिसले नाहीत. मुलगा त्यांच्याकडे पूर्ण वळला आणि सावकाश म्हणाला, "आई, त्या विचारतायत, तुम्हाला फटाक्यांचा त्रास होतो का?"

नाही म्हटलं की झालं. कागदाशी जुळणारं, शंभर टक्के खरं उत्तर. घर राहील, रविवार निभावत राहतील. आणि होय म्हणायचं तर ते मुलाच्या तोंडावर सांगायला हवं, कारण बघायला समोर दुसरा चेहराच नव्हता.

"मला होत नाही," काकू म्हणाल्या. "मला ऐकूच येत नाही. मी ठार बहिरी आहे."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मॅनेजर कपाळ पुसायला लागला. आपला आवाज किती मोठा आहे हे काकूंना कळत नसे, त्यामुळे पुढचं त्या जवळजवळ ओरडूनच बोलल्या.

"माझ्या घरात ऐकायचं काम कुत्रा करायचा. नऊ वर्षं केलं. तुमच्या फटाक्यांनी त्याला पार भेदरवून टाकलंय. तीन महिने झाले, बेल वाजली तरी तो येत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. या कागदावरची माझी सही काढून टाका."

मुलाचे ओठ हलले नाहीत. तरी काकूंना त्या चेहऱ्यावरचं सगळं वाचता आलं. अधिकारी बाईंनी कागद खाली ठेवून काहीतरी लिहिलं. निकाल नर्सबाईंनी मागाहून जिन्यात काकूंचे दोन्ही हात धरून सांगितला: रात्री दहानंतर फटाके बंद, मोडलं तर हॉलचा परवाना रद्द. मोडतील किंवा पाळतील, ते पुढचं पुढे.

सुनावणीहून घरी येताना स्कूटरवर बोलता येईना, कारण मागे बसलेल्याला पुढच्याचे ओठ दिसत नाहीत. त्यामुळे भांडण दारापाशी झालं. मुलगा म्हणाला, तीन महिने तू माझ्याशी खोटं बोललीस. काकू म्हणाल्या, बोलले. कुकर दोनदा करपला हेही त्यांनी सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, उद्या गॅस चालू राहिला तर? आपलं ठरलं होतं ना, तो म्हणाला, रविवारी मी टेम्पो घेऊन येतो, कुत्र्यासाठी कोणीतरी चांगलं घर बघू.

"त्याने नऊ वर्षं माझे कान सांभाळले," काकू म्हणाल्या. "आता त्याचे मी सांभाळते. मी येत नाही."

मुलगा चिडला. त्याने दार उघडलं, आत मशीनखाली दोन डोळे चमकत होते, आणि त्याने उंबऱ्यावर उभं राहूनच बेल दाबली. बघ, येतो का. पुन्हा दाबली. आईला एकदाचं पटावं म्हणून तो दाबतच राहिला. काकू त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या मशीनकडे बघत होत्या. मशीनवरच्या डब्यातली रिळं एकमेकांवर आपटून थरथरत होती. त्यांनी मुलाचं मनगट धरलं.

"पुरे," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज अगदी हळू निघाला. "त्याला ऐकू येतंय."

मुलाने हात खाली घेतला. तो आत गेला, जमिनीवर बसला आणि बराच वेळ मशीनखाली हात घालून बसून राहिला.

रविवारी तो अकराला आला, पण टेम्पो आणला नव्हता. पिशवीत एक लाल दिवा होता, बेलचं बटण दाबलं की पेटणारा. असा दिवा लावू असं तो पूर्वी एकदा म्हणाला होता, पण तेव्हा काकूंनी सेक्रेटरी असताना कशाला म्हणून उडवून लावलं होतं. आता त्याने तो मशीनच्या बरोबर समोर, मान वर न करता दिसेल अशा उंचीवर बसवला. मग स्टुलावर चढून बेलचा आवाज करणारा डबा भिंतीवरून काढला आणि खिशात घातला.