अण्णांच्या हातातला रिमोट

चाकणच्या कंपनीत आज नवा बोर्ड सोल्डर करताना घशाला झोंबणारा तो गोडसर धूर नाकात गेला आणि मी थेट कॉलेजच्या बॅडमिंटन हॉलमध्ये पोचले.

आमचं रिमोटवर चालणारं हॉवरक्राफ्ट तिथे मधोमध ठेवलं होतं. पंखा सुरू झाला की मोटर सगळा करंट ओढायची आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर बंद पडायचा. म्हणून मी रिसीव्हरला वेगळा पुरवठा देणारं सर्किट आखलं आणि बोर्डही स्वतःच बनवला. "आज हे वर उचललं गेलं नाही, तर आपण तयार बोर्ड आणायचा," टीमलीडर निखिलनं बजावलं होतं.

फर्स्ट शिफ्ट संपवून अण्णा, माझे वडील, युनिफॉर्मवरच आले होते. मी रिमोट त्यांच्याच हातात दिला.

"मोडलं तर गं?"

"नाही मोडत. ढकला पुढे."

पंखा घोंघावला, खालचा प्लास्टिकचा घेर फुगला आणि हॉवरक्राफ्ट बोटभर वर उचललं गेलं. रिसीव्हरचा दिवा तसाच जळत राहिला.

"वायरिंग माझ्या पोरीनं केलंय बरं का!" अण्णा ओरडले.

"वायरिंग नाही हो, डिझाइन," मी लाजून पुटपुटले.

तेव्हा मला सगळी मजा निखिलचं तोंड बघण्यात वाटली होती. आज माझे बोर्ड गाड्यांमध्ये बसतात, पण डोळ्यांसमोर येतात ते अण्णाच. जन्मभर दुसऱ्यांनी आखलेल्या मशिनी चालवलेला माणूस, रिमोट छातीशी धरून हॉलच्या दारातल्या वॉचमनला सांगत होता, "डिझाइन! डिझाइन केलंय तिनं."