नव्या खिळ्यांवरचे वॉलपीस

आमचे अण्णा, म्हणजे दत्तराव, सेलूच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला वरचा पांढराशुभ्र कापूस त्यांनी कधी खरा मानला नाही. खांद्यापर्यंत हात खुपसायचे आणि तळातला ओला कापूस बाहेर काढायचे. तिथं ते ठीकच होतं हो. पण घरी आल्यावरही तो हात काही थांबायचा नाही. दूधवाला नुसता हसला तरी यांना दुधात पाणी दिसायचं.

अशा माणसाला छंद कशाचा, तर भिंतीवर टांगायच्या मातीच्या वॉलपीसचा! स्टेशनमागं रंगनाथ नावाचा कलाकार भट्टी लावायचा. चित्रकला शिकून आलेला. मोर, बैलाची शिंगं, सूर्याचा चेहरा, वर निळी-हिरवी झिलई. अण्णा दर सणाला एक आणायचे, पण मडकं घेताना बायका वाजवतात तसा वाजवून, मग उलटा करून, मागची रंगनाथाची खूण तपासून. बद्द वाजला की परत. रंगनाथ म्हणायचा, "दत्तराव, तुमी पुढून कवा बघनार?"

पंडित मला बघायला आला, तो याच भिंतीसमोर रेंगाळला. मूळचा चारठाण्याचा, जिंतूरला मास्तर. पोह्यांची बशी हातात धरून त्यानं मला विचारलं, "यातला पहिला कोणता?" मी सूर्य दाखवला. मला तो आवडला, साफ सांगते. अण्णा आत येऊन आईला म्हणाले, "पोरगा पोरीला बघायला आलाय का भिंतीला? कायतरी गोम हाय."

पुढं त्यांच्याकडून घर बघायला बोलावणं आलं, आणि ऐन वेळी निरोप, की विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी नाही, पुढच्या आठवड्यात या. सेलूतूनही गाड्या सुटत नव्हत्या, तरी अण्णांना पटेना. "तवर घर सजवायलेत," म्हणाले.

आई सोबत गेली होती. तिथलं सगळं मला तिच्याकडून कळलं. बैठकीत समोरच्या भिंतीवर रंगनाथाचेच तीन वॉलपीस होते. अण्णांच्या नजरेनं आधी खिळे टिपले. नवे कोरे. खाली चुन्याचा भुगा. सोयरिकीच्या वेळी लोक शेजाऱ्यांच्या खुर्च्या, शेजाऱ्यांचा रेडिओ मागून आणतात, हे त्यांना ठाऊक होतंच. चहा तसाच ठेवून ते उठले, मधला वॉलपीस सरळ भिंतीवरून उतरवला आणि उलटा करत म्हणाले, "कुनाचे मागून आनलेत?"

मग पंडितची आई, धुरपदाबाई, दारातूनच म्हणाल्या, "इकत आनलेत, भाऊ. तुमच्यासाठी. पंडित म्हनला, त्यांना हितं परकं वाटाया नको."

अण्णांनी तो परत टांगला. तोही खिळा हलवून बघून. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नकार धुरपदाबाईंनीच मध्यस्थाकडून कळवला. "पोरगी गुनाची हाय. पर आमच्याच घरात आमाला चोर केल्यावानी झालं. उद्या येनं-जानं सुरू झालं की सदा असंच उलटं करून बघायचे." अण्णांनी त्यातही शंका काढली. दुसरं मोठं स्थळ आलं असंल म्हणे! मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

काही दिवसांनी रंगनाथ एक जड पोतं घेऊन आला. "पंडितनं देलेत. म्हनला, ज्यांच्यासाठी घेतले त्यांनाच द्या."

अण्णांनी पोतं सोडलं. सवयीनं तिन्ही वाजवले, कान लावून. मग कधी नव्हे ते सुलटे धरून बघितले. एकावर सूर्य होता, आमच्या पहिल्या वॉलपीससारखाच. अण्णा तो हातात घेऊन बसूनच राहिले.

"तिन्ही खणखणीत हायेत, कमल," ते हळूच म्हणाले.

"मानसंबी तशीच व्हती, अण्णा," मी म्हणाले आणि आत निघून गेले.

भिंतीवर जागा होती, पण ते तीन टांगायला खिळे त्यांनी कधी मागितले नाहीत.