साळवेबाईंचे पंचवीस बोर्ड

साळवेबाई बोर्डावरची तुटलेली रेघ नखाने शोधायच्या. आमच्याकडे मीटर असायचा, भिंग असायचं, टेबलावर वाकवता येणारा मोठा दिवा असायचा. बाई मात्र डोळे मिटून अंगठ्याचं नख तांब्याच्या रेघेवरून हळूच ओढत न्यायच्या आणि एका जागी थांबायच्या. "हितं बघा." तिथे मीटर लावला की काटा जागचा हलत नसे.

नागापूरला एमआयडीसीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये, इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार करणारं छोटं वर्कशॉप होतं. बाई तिथे बोर्डाचं मूळ चित्र करायच्या. पारदर्शक फिल्मवर, जिथे भोक पडायचं तिथे एक काळी टिकली लावायची आणि टिकलीपासून टिकलीपर्यंत दोऱ्याएवढी काळी चिकटपट्टी न्यायची. त्या चित्रावरून पुढे रसायनाच्या टाकीत तांब्याच्या रेघा उमटत. बाई मूळच्या खर्ड्याकडच्या. त्यांच्या घरातून आयटीआयची पायरी चढलेल्या त्या पहिल्याच. रविवारी सकाळी विहारात पोरांना गणित शिकवायच्या आणि पाढा चुकला तर रागवायच्या नाहीत, फक्त "परत" म्हणायच्या. हे "परत" मीही पुढे पुष्कळ ऐकलं. मी शेजारच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आमच्या मशिनांचे बोर्ड करून घ्यायला खेपा घालता घालता ओळख झाली.

नव्वदीची मधली वर्षं होती. ऑफिसांतून रंगीत पडद्याचे संगणक दिसू लागले होते आणि घरच्या टीव्हीला जोडून चालणारा जुना आठ बिटांचा संगणक, ज्याच्यावर मी आणि माझे तीन मित्र सगळं शिकलो, तो भंगारात निघाला होता. तसाच संगणक आपल्या हातांनी पुन्हा बांधावा, अशी आम्हा चौघांना हौस आली. मी उघडलेल्या एका जुन्या मशिनवरून जोडणीचं चित्र काढलं आणि बाईंपुढे ठेवलं. "चार बोर्ड करून मिळतील का?"

बाईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "चारासाठी शेठ टाकी लावू देनार न्हाईत. पंचवीस करा. मला मेहनत तेवढीच."

"पण पंचवीस माणसं कुठून आणायची?"

"तुमच्यासारखे येडे चारच असतील व्हय?"

इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात वाचकांच्या पत्रांत मी चार ओळी छापून आणल्या. महिनाभर काहीच नाही. मग श्रीरामपूरहून एक पत्र आलं, संगमनेरहून दोन, पाथर्डीच्या एका हायस्कूलच्या सरांचं आलं, एक तर थेट कोल्हापूरहून. मी पत्रांचा गठ्ठा घेऊन गेलो की बाई आधी पत्ता वाचायच्या आणि मग विचारायच्या, "ह्यांनी सोल्डरिंग केलंय का कधी?" ज्याच्या पत्रातून ते कळत नसे त्याला मी पुन्हा पत्र टाकायचं. नुसतं नाव त्यांना चालत नसे. "बोर्ड कपाटात ठिवायला घेनारा नको आपल्याला." असे पारखून हळूहळू एकवीस जण जमले.

सुट्टीच्या दिवशी शेड उघडायला शेठनी परवानगी दिली. बाईंनी सहा सुट्ट्या त्या चित्रावर घातल्या. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक रेघ त्या मोठ्याने म्हणायच्या आणि मी समोर बसून चित्रात ती बघून "बरोबर" म्हणायचं. मग पंचवीस बोर्ड टाकीतून निघाले, त्यांना भोकं पडली. तांब्याचे ते कोरे तुकडे टेबलावर रांगेने मांडले तेव्हा आम्ही चौघे लग्नघरातल्यासारखे हसत होतो. मी पहिला बोर्ड घरी नेऊन आठवडाभर खपून जोडला आणि टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

बाईंनी आपली फिल्म आणि माझं चित्र पुन्हा रेघेरेघेने ताडलं. फरक नव्हता. मग त्या म्हणाल्या, "तुमी चित्र ज्याच्यावरून काढलं, ते मशिन आना." मी आणलं. त्या जुन्या बोर्डावर त्यांचं नख फिरत गेलं, थांबलं, परत मागे आलं. "भाऊ, ह्या दोन रेघा तुमी उलट्या काढल्यात. हिच्या जागी ती."

पंचवीसच्या पंचवीस बोर्डांवर माझी चूक तांब्यात उमटून बसली होती. बाईंनी कटर घेतला, दोन रेघा कापल्या आणि निळ्या वायरचे दोन तुकडे मागून आडवे जोडले. "बसा. एकाला पंधरा मिनिटं. उगा तोंड पाडू नका."

त्यांनी एकदाही "तुमच्यामुळे" असं म्हटलं नाही. पण एका मित्राने सुचवलं की वायरी मागच्या बाजूला आहेत, कुणाला कळायचं नाही, उगाच सांगता कशाला. तेव्हा मात्र त्यांनी कटर खाली ठेवला.

"सांगायचं. परतेक बोर्डासंगती चिठ्ठी घालायची, काय चुकलं आन् कसं दुरुस्त केलं. न्हाईतर उद्या दुसरं काय बिघडलं तर त्यो मानूस आपल्याच हाताला दोष देत बसंल."

चिठ्ठी मी लिहिली. माझी चूक मी माझ्या नावाने लिहिली आणि त्यानंतर मला हलकं वाटलं. शेवटी बाईंनी एक ओळ घालायला लावली: "बोर्ड चालू झाल्यावर एक कार्ड टाकावे."

दुरुस्त केलेला बोर्ड चालताना बघायला त्या एका संध्याकाळी लेकीला घेऊन आमच्या घरी आल्या. टीव्हीवर पांढरी अक्षरं उभी राहिली. माझी बायको टाळ्या वाजवू लागली. बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या खाली उघड्या बोर्डाकडे बघत होत्या.

"अठरा वर्सं झाली बोर्ड करते," त्या म्हणाल्या. "समदे कोरे जातात. चालताना हा पयला बघितला."

पुढच्याच वर्षी शेठनी चित्रं काढायला संगणक घेतला. बाईंचं आता कसं, या काळजीने मी गेलो, तर त्या चष्मा लावून त्याच्यापुढे बसलेल्या. "सोपं हाय. रेघ कुठून न्यायची ते ह्याला मलाच सांगावं लागतंय." दोन वर्षं त्यांनी तेही काम उत्तम केलं. मग लेकीला जामखेडला शाळेत नोकरी लागली आणि बाई तिच्याकडे राहायला गेल्या.

तोवर आम्हा चौघांची धरून चोवीस कार्डं आली होती. जाताना ती सगळी त्या बरोबर घेऊन गेल्या. पाथर्डीच्या सरांचं तेवढं राहिलं होतं.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी घरचा फोन वाजला. अनोळखी आवाज होता, जरा घाबरलेला. "मी पाथर्डीहून बोलतोय. अहो, त्या साळवेबाई आमच्याकडे आल्यात. सकाळपासून बसल्यात. चहासुद्धा घेत नाहीत, म्हणतात आधी बोर्ड. सगळं जोडून झालंय, पण ती मोठी चिप, तिची खाच कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," मी म्हटलं.

मागून बाईंचा आवाज आला, "मी तेच सांगत हुते!"

फोन ठेवायचं सरांच्या ध्यानात राहिलं नाही. मी कान लावून उभा होतो. खटका दाबल्याचा आवाज आला. मग घरातली पोरं एकदम ओरडली आणि त्या गलक्यात बाईंचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. त्या सरांच्या बायकोला सांगत होत्या, "हां, आता ठिवा च्या."